राब भाजायचा की नाही? ठाणे जिल्ह्यातल्या अठरा आमदारांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून गेलेले सर्व अठरा आमदार

आदरणीय आमदार ताई-दादांनो,

जोहार.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या वेशीवरच्या एका वाडीत मी राहते. वाडीत कातकऱ्यांची घरं आहेत, ठाकरांचीही आहेत. त्यातल्या चौदा कुटुंबांनी मिळून गेले तीन पावसाळे सहा एकर जमीन एकत्र कसली. या चौदांपैकी एकाच्याही नावावर गुंठाभर शेतजमीन नाही. मी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. हजेरीची वही, बियाण्याच्या पावत्या, विकलेल्या मालाच्या चिठ्ठ्या, सगळं एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं असतं. आज ती पेटी उघडून हे पत्र लिहायला बसले आहे.

तुम्हा अठरांपैकी बहुतेकांचे मतदारसंघ शहरातले. ठाणे, मुंब्रा-कळवा, डोंबिवली, उल्हासनगर, मिरा-भाईंदर, ऐरोली, बेलापूर. भूमिहीनांचं पत्र आलं की ते शहापूर, मुरबाड आणि भिवंडी ग्रामीणच्या आमदारांकडे सरकवलं जातं. कृपा करून तसं करू नका. पहिल्या पावसाच्या तोंडाला मी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर शेवळं आणि काकडं घेऊन बसते, तेव्हा माझ्याकडून भाजी घेणाऱ्या बायका तुमच्याच मतदार असतात. भातसा आणि तानसाचं पाणी आमच्याकडून खाली मुंबईला जातं, तर बारवीचं पाणी कल्याणपासून नवी मुंबईपर्यंत पोचतं. आणि ज्या जमिनीबद्दल मी लिहिणार आहे, तिचे बरेचसे मालकही तुमच्याच भागात राहतात.

आमच्या वाडीतून ओढ्याच्या कडेने खाली नदीकडे चालत गेलं, की दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण लागतं. सिमेंटचे खांब, लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. आत घाणेरी आणि टाकळा माणसाच्या कमरेइतका वाढलाय. पण नीट पाहिलं तर त्या रानाखाली भातखाचरांचे बांध अजून ओळखू येतात. माझ्या आजीने त्या खाचरांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, केली आहे. कुठल्या खाचरात पाणी टिकतं, कुठलं लवकर फुटतं, हे तिला पाठ होतं. ती गेली तेव्हा तिथे प्लॉट पडले होते. त्यालाही आता पंधरा वर्षं होऊन गेली. घर एकही उभं राहिलं नाही आणि भाताचा दाणाही पिकला नाही. जमीन विकत घेऊन ठेवलेली आहे, भाव वाढायची वाट बघत.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. महाराष्ट्र (आधीचा मुंबई) कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, ज्याला आपण सगळे कूळकायदा म्हणतो, त्यात कलम ६५ आहे. मालकाच्या कसुरीमुळे लागोपाठ दोन वर्षं शेतजमीन पडीक राहिली, तर चौकशी करून तिची व्यवस्था सरकारला स्वतःच्या हाती घेता येते, असं ते कलम सांगतं. मालकी मालकाचीच राहते, जमीन मात्र पिकाखाली येते. आमचं म्हणणं असं, की ठाणे जिल्ह्यात हे कलम खरोखर वापरा आणि अशी जमीन भूमिहीन कुटुंबांच्या शेती सोसायटीला दहा-पंधरा वर्षांच्या लेखी कराराने कसायला द्या. ठरलेला खंड आम्ही भरू आणि तो मालकाच्या खात्यात जावा. आम्ही जमीन फुकट मागत नाही.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. पडीक जमीन कुठे आहे हे शोधायलाही कुणाला नव्याने हिंडावं लागणार नाही. २०२१ पासून राज्यात मोबाइलवर ई-पीक पाहणी होते. तिच्यात पीक नोंदवतात तशी पडही नोंदवतात, चालू पड वेगळी आणि कायम पड वेगळी. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की गावागावाची यादी तयार होते.

आता आमच्या नावावर जमीन का नाही, ते सांगते. आम्ही आळशी आहोत, दारू पितो, मिळालेली जमीन विकून खातो, असं आमच्याबद्दल तोंडावर बोललं जातं. खरं कारण कागदात आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे जो कूळ म्हणून, म्हणजे मालकाला खंड देऊन, जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा मानीव खरेदीदार झाला. आमच्या भागातल्या कितीतरी कुणबी, आगरी, कोळी, वारली कुटुंबांना त्यातून सातबारा मिळाला, आणि ते योग्यच झालं. माझा पणजोबा मात्र कूळ नव्हता, गडी होता. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं. आमच्याकडे अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या मागे वारली उभे राहिले आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वेठबिगार मोडली. लग्नगडी सुटला, त्याच्या मानेवरचं जू उतरलं. पण त्याचं नाव कुठल्याच कागदावर कूळ म्हणून लागलेलं नव्हतं. बारा वर्षांनी कायद्याने विचारलं, जमीन कोण कसतं? नांगर त्याच्या हातात होता, पण कागदावर नाव सावकाराचं.

त्याच कायद्याचा दुसरा परिणाम आजही आम्ही भोगतो. आपल्या जमिनीला कूळ लागेल या भीतीने मालक मक्त्याचं काहीही लिहून देत नाही. सगळा व्यवहार तोंडी. मी तीस वर्षांची होईपर्यंत निदान पाच जणांच्या जमिनीत राबले असेन, त्याचा एकही कागद माझ्याकडे नाही. कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कायदा चांगल्यासाठी केला, हे मला समजतं. पण शेतकरी कोण, तर ज्याच्याजवळ सातबारा आहे तो. कुठल्याशा जिल्ह्यात वडिलोपार्जित दोन गुंठे असलेला माणूस आमच्या वाडीखाली फार्महाऊससाठी जागा घेऊ शकतो. जन्मभर चिखलात उभी राहिलेली माझी आई शेतकरी ठरत नाही. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तोही सातबाऱ्याला जोडलेला आहे, म्हणून आमच्यापैकी कुणाकडेही नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याणला राहणारे एक निवृत्त गुरुजी वाडीवर आले. त्यांची सहा एकर जमीन पडून होती, मुलं परदेशात. ते म्हणाले, "तुम्ही कुणीतरी कसा, मला वर्षाला एकरी चार क्विंटल भात द्या." एकट्याने सहा एकर घेण्याची ऐपत आमच्यात कुणाचीच नव्हती. बैलजोडी नाही, इंजिन नाही, बियाण्याला पैसे नाहीत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं, त्यासाठी गणपतीतच उचल घेतलेली, असं आमचं वर्ष. त्या रात्री चौदा घरं समाजमंदिरात बसली. माझी आत्या म्हणाली, "भट्टीवर आपण चौदा घरं एकत्र राबतो की नाही? मग इथं का नाही?" त्यापुढे कुणाला बोलायला जागा उरली नाही.

पहिल्या वर्षी म्हसाच्या यात्रेतून एक बैलजोडी आणली. कुणी पाचशे घातले, कुणी दोन हजार. एका घराने पैशांऐवजी शेळी दिली. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या) आणि पातेरा (वाळका पाला) गोळा केला, राब भाजला, मृग लागायच्या आधी कोरड्या मातीत धूळवाफेवर पेरलं. आवणीला आम्ही चौदा बायका आणि नऊ पुरुष एका रांगेत उभे राहिलो. मूठ सोडून रोपं लावताना माझी मोठी जाऊ मधेच थांबली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही, आज कुणी बांधावर उभं राहून ओरडत नाही, म्हणून हात थांबला."

त्या हंगामात काही सगळं गोड झालं नाही, हेही लिहायला हवं. हजेरीवरून भांडणं झाली. एक भाऊ दारू पिऊन यायचा आणि पूर्ण दिवस मागायचा. कुणाचं पोर आजारी पडलं तर त्या बाईचा खाडा धरायचा का, यावर दोन रात्री वाद चालला. शेवटी ठरलं, की पोराच्या आजारपणाचे चार दिवस भरून धरायचे. बाईची हजेरी आणि पुरुषाची हजेरी सारखीच, हे ठरवायला त्याहून जास्त वेळ लागला. एक कुटुंब दुसऱ्या वर्षी बाहेर पडलं, त्याच्या जागी दुसरं आलं. आता आमची पद्धत बसली आहे. नांगरट, राब, पाणी आणि विक्री एकत्र. पीक वाटायचं हजेरीप्रमाणे. चूल प्रत्येकाची वेगळी आणि कोंबड्या-शेळ्याही ज्याच्या त्याच्या. सगळंच एकत्र करायचं म्हटलं असतं, तर आम्ही पहिल्या शिमग्यालाच फुटलो असतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

२०२४-२५ च्या हंगामाचा हिशेब माझ्यासमोर आहे. सहा एकरांत ६२ क्विंटल भात झाला. मालकाला २४ क्विंटल गेला. घरी खायला २४ ठेवला. उरलेला १४ क्विंटल विकायचा होता. सरकारचा हमीभाव त्या वर्षी साध्या भाताला क्विंटलला २,३०० रुपये. खरेदी केंद्रावर नोंदणी करायला सातबारा लागतो, तो आमच्याकडे नाही. आम्ही व्यापाऱ्याला १,८०० ने विकला. हमीभावाने ३२,२०० आले असते, आमच्या हातात २५,२०० पडले. फरक सात हजारांचा. शहरातल्या माणसाला ही रक्कम मोठी वाटणार नाही. आमच्यासाठी ते पुढच्या वर्षीचं सहा एकरांचं बियाणं होतं.

भातापेक्षा मोठी गोष्ट घडली ती भात निघाल्यावर. ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरून आम्ही बंधारा घातला आणि दोन एकरांत भेंडी लावली, बाकीच्या खाचरांत ओलीवर वाल टाकला. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, पहाटे, दव असताना. तिची लव हाताला अशी चावते की संध्याकाळी भाकरी थापताना बोटं जळतात. आम्ही पोरांचे जुने पायमोजे हातात घालून तोडतो. रात्री टेम्पो कल्याणच्या बाजाराला जातो. दोघं जण आळीपाळीने सोबत जातात आणि सकाळी विक्रीच्या हिशेबाची पट्टी घेऊन परत येतात. त्या भेंडीवर पहिल्याच वर्षी चौदांपैकी नऊ घरं भट्टीवर गेली नाहीत. उचल घेतली नाही. बारा पोरं मार्चपर्यंत शाळेच्या पटावर राहिली.

भट्टीवर पोर गेलं की काय होतं, हे मी स्वतः पाहिलंय. मी चौथीत असताना भिवंडीकडच्या एका भट्टीवर सहा महिने होते. आई पहाटे तीनला उठून चिखल मळायची, मी विटा उलटायची. वर्गातली बाकीची मुलं तोवर भागाकार शिकली होती. मला भागाकार पुढे एका बाईंनी सुट्टीत बसवून शिकवला, म्हणून आज हा हिशेब लिहिता येतो.

इतकं झाल्यावर आम्हाला वाटलं, आता रीतसर सहकारी सोसायटी करावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं पुरतात. आम्ही चौदा होतो. एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तिथे सांगितलं, शेती सोसायटी म्हणजे प्रत्येक सभासदाचा सातबारा लावा. आम्ही म्हटलं, सातबारा नाही म्हणून तर सोसायटी करतोय. ते म्हणाले, मग बचत गट काढा. दुसऱ्या कचेरीत जमिनीसाठी अर्ज केला. तिथलं उत्तर, संस्था नोंदणीकृत नाही, अर्ज कुणाच्या नावाने घ्यायचा? म्हणजे जमीन नाही म्हणून सोसायटी नाही, आणि सोसायटी नाही म्हणून जमीन नाही. मी वहीत लिहून ठेवलंय, अशा अकरा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला दोन माणसांची मजुरी बुडाली. त्या टेबलामागच्या माणसांचा मला राग नाही. त्यांच्यासमोरच्या फॉर्ममध्ये आमच्यासारख्यांसाठी रकानाच नव्हता. तो रकाना तुम्ही घालायचा आहे.

या गोष्टीवर संशय घेतला जातो आणि त्याला कारण आहे, हेही मी जाणते. १९५९ साली नागपूरला काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला. त्या काळात देशभर अनेक संयुक्त शेती सोसायट्या निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी जमीनदारांनीच नातेवाईक आणि गडीमाणसांच्या सह्या घेऊन काढलेल्या होत्या. कमाल जमीन धारणेचा कायदा चुकवायचा आणि अनुदान घ्यायचं. म्हणून सोसायटीत ज्याच्या नावावर जमीन नाही आणि जो स्वतः शेतात उतरतो, त्यालाच मत असावं. हजेरीची वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. आम्ही आजही ती समाजमंदिरात मोठ्याने वाचतो. ज्याला वाचता येत नाही, त्याला ऐकता येतं.

ज्या सोसायट्या खऱ्या होत्या, त्या टिकल्या. गुजरातमध्ये मही नदीच्या काठावर गंभीरा इथली सामूहिक शेती सोसायटी १९५३ साली सुरू झाली, तेव्हा तो भाग आपल्याच मुंबई राज्यात होता. नदीच्या गाळाची पाचशे एकरांच्या आसपासची सरकारी जमीन, गरीब आणि भूमिहीन कुटुंबं, दहा-पंधरा जणांचे लहान लहान गट. नांगरट, बियाणं, पाणी सोसायटी बघते आणि गट आपापला तुकडा कसतात. आमच्या पद्धतीशी ती किती जुळते, हे ऐकून आम्ही चकित झालो. आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. केरळात कुटुंबश्री या सरकारी महिला बचतगट योजनेतल्या बायका गट करून मक्त्याच्या जमिनी कसतात आणि गटाला बँकेचं कर्ज मिळतं. पार ब्राझीलमध्ये, दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, भूमिहीनांनी काळ्या ताडपत्र्यांखाली वर्षानुवर्षं राहून जमीन मिळवली, सहकारी संस्था काढल्या आणि आज तिथली कुटुंबं मोठ्या प्रमाणावर सेंद्रिय भात पिकवतात. भात, म्हणून ती गोष्ट माझ्या डोक्यात बसली. तिथल्या राज्यघटनेत असं लिहिलंय, की जमीन सुधारणेत मिळालेली जमीन दहा वर्षं विकता येत नाही, आणि तिचा कागद बाईच्या, पुरुषाच्या किंवा दोघांच्या नावाने होऊ शकतो.

आपल्याकडेही त्या दिशेचा कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो आणि तो विकता येत नाही. आमच्या वाडीतल्या दुसऱ्या चार घरांना असे पट्टे आहेत. तुकडे लहान आणि उताराचे आहेत, पण ती घरं सावकारापासून वाचली, कारण गहाण ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नाही. सोसायटीला मिळणारी जमीनही तशीच हवी. कुणालाच विकता न येणारी, आणि सभासद म्हणून बाईचं नाव आधी.

विकत घेऊन भूमिहीनांना जमीन द्यायची योजनाही राज्यात आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाची, चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. ती चांगली आहे. पण जिरायत जमिनीला एकरी पाच लाखांची मर्यादा आहे आणि समृद्धी महामार्ग ज्या जिल्ह्यात येऊन संपतो, तिथे या दराने कोण जमीन विकेल? म्हणून आमचा भर विकत घेण्यावर नाही, पडीक जमीन कसायला मिळण्यावर आहे.

आणि ठाणे जिल्ह्याला सहकार नवा नाही. १९४७ मध्ये मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, त्यात याच जिल्ह्यातल्या आदिवासींच्याही होत्या. जंगलातला ठेकेदार बाजूला करून कूप, म्हणजे तोडीसाठी ठरवलेला जंगलाचा तुकडा, तोडायचं काम सोसायटीला दिलं. माझे आजोबा अशा सोसायटीत कोयता घेऊन जायचे आणि पहिल्यांदा मजुरीची चिठ्ठी मिळाली, असं सांगायचे. ती चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली होती. पुढे झाडतोड बंद होत गेली आणि सोसायट्यांचं काम आटलं. पण सरकारने मनात आणलं तर ठेकेदाराच्या जागी कामगारांची सोसायटी उभी राहू शकते, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

तुम्ही विधिमंडळात बसता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालत गेले. पुढे १९४७ मध्ये घटनेसाठी लिहिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की जमीन सरकारच्या मालकीची असावी, ती गावकऱ्यांना जात न पाहता सामूहिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत. त्यांनी सांगितलं त्याचा अगदी लहानसा तुकडा आम्ही मागतो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा ठाण्यातून मुंबईत शिरला. माझी आत्या त्यात होती, शहापूरपासून चालत. दहावीच्या पोरांचे पेपर बुडू नयेत म्हणून शेवटचा टप्पा सगळे रात्रीतून चालले. वाटेत शहरातल्या लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली. आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, एका बाईने स्वतःच्या पायातली काढून दिली. ती चप्पल आत्याने अजून फेकलेली नाही. त्या बाईचा आमदार तुमच्यापैकीच कुणीतरी असेल.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी उभं राहून विचारावं, की कलम ६५ ठाणे जिल्ह्यात शेवटचं कधी वापरलं, ई-पीक पाहणीत लागोपाठ दोन वर्षं पडीक दिसलेली शेतजमीन किती आहे आणि ती भूमिहीनांच्या सोसायटीला का देता येत नाही. सहकार खात्याला सांगावं, की सातबारा नसलेल्या शेतमजुरांची शेती सोसायटी नोंदवायची वाट मोकळी करा. कसणाऱ्या सोसायटीला शेतकरी ओळख क्रमांक मिळावा, म्हणजे आमचा भात हमीभावाने जाईल आणि गारपीट झाली तर पंचनाम्यात आमचं नाव येईल. हे सगळं एका वर्षात होणार नाही, हे आम्हाला कळतं. सुरुवात म्हणून एका तालुक्यात, पाच-सहा गावांत करून बघा.

घाई आम्हाला आहे, त्याचं कारण सांगते. आमच्या गुरुजींची तब्येत बरी नसते. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, जमीन विकायला काढली आहे, गिऱ्हाईक ठाण्याचं आहे. गुरुजींनी स्वतः वाडीवर येऊन सांगितलं, यंदाचं नक्की नाही. ते बराच वेळ बांधावर बसले होते. भेंडी अजून चालू आहे, आणखी महिनाभर चालेल. पण राबासाठी कवळ आत्ता तोडून वाळत टाकावा लागतो आणि होळीच्या सुमाराला ठरवावं लागतं, की राब भाजायचा की नाही. भाजला आणि जमीन गेली, तर मेहनत जळून जाते. नाही भाजला आणि जमीन राहिली, तर रोपं कुठून आणायची? ज्यांना भरवसा वाटत नाही, त्यातल्या तीन घरांनी भट्टीवाल्याशी बोलणं सुरू केलंय.

येत्या अमावास्येला समाजमंदिरात आमची बैठक आहे. तुमच्याकडून काही उत्तर आलं, तर ते मी तिथे वाचून दाखवीन.

आपली,
चौदा कुटुंबांची हिशेबनीस
शहापूर-मुरबाड वेशीवरची वाडी, जिल्हा ठाणे